पिंपल्सची ट्यूब मागायच्या आधी

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं औषधाचं दुकान आहे आणि फार्मसी झाल्यापासून मी तिथंच बसते. संध्याकाळी क्लास सुटले की पोरं-पोरी येतात, डोकेदुखीची गोळी नाहीतर ओआरएसची पुडी घेतात आणि शेजारचं गिऱ्हाईक जायची वाट बघत रेंगाळतात. मग हळू आवाजात, "ताई, पिंपल्सवर एखादी चांगली ट्यूब द्या की." पुष्कळदा मोबाइलवर ट्यूबचा फोटोही तयार असतो. मैत्रिणीनं लावली, आठवड्यात तोंड साफ झालं, रंगही उजळला, तीच पाहिजे म्हणतात.

मी फोटो मोठा करून बारीक अक्षरं वाचते. बहुतेक वेळा आत तीन औषधं निघतात: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. ही ट्यूब काळ्या वांगाच्या डागांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या काळासाठी वापरायची असते. मुरमांसाठी ती नाहीच, आणि गोरं व्हायला तर मुळीच नाही. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. त्यावरून माझ्याशी भांडून पुढच्या दुकानात गेलेली गिऱ्हाइकं आहेत.

ही ट्यूब सुरुवातीला खरोखर गुण दाखवते, आणि माणूस फसतो तो इथंच. स्टिरॉइडनं लाली आणि सूज पटकन उतरते, हायड्रोक्विनोननं रंग फिका पडतो. आरशात बघून माणूस खूश होतो आणि महिनोन् महिने लावत राहतो. मग कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात गेलं की तोंडाची आग होते, मुलींच्या गालावर लव वाढते आणि मुरमंही पहिल्यापेक्षा जोरात येतात. घाबरून बंद केलं की दोन-चार दिवसांत चेहरा लालबुंद होऊन जळजळायला लागतो, म्हणून परत लावायचं. मोमेटासोनच्या जागी बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर हाल आणखी वाईट. त्वचारोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना, आयएडीव्हीएल, याविरुद्ध कितीतरी वर्षं बोलते आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती मिळतात. पार्लरमध्ये बिननावाच्या डबीत भरून मिळतात, लग्न ठरलेल्या मुलीला वहिनी प्रेमानं आणून देते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला घेतलं.

मुरूम वरच्या धुळीमुळे येत नाही. आपल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक तेलाची ग्रंथी असते, आणि तोंड, छाती, पाठ इथं त्या जास्त. वयात येताना अँड्रोजन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलींच्या अंगातसुद्धा, आणि ग्रंथी जास्त तेल सोडायला लागते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि केस अडकून मोरी तुंबावी तसं तोंड बंद होतं. आत हवा नाही आणि तेल भरपूर, त्यामुळे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू वाढतो. हा जंतू आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर राहतो, कुणाच्या घाणेरडेपणातून येत नाही. शरीर त्याच्याशी झुंजतं, तेव्हा लाली, सूज, पू. छिद्राचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड दिसतो, आणि त्याचा काळा रंग मळाचा नसतो. कातडीच्या रंगद्रव्याचा हवेशी संबंध येऊन तो काळा पडतो. म्हणून घासून काही निघत नाही. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशनं धुणं पुरे. अंगाच्या साबणाचा अल्कलीपणा तोंडाला जास्त होतो. लिंबानं आग होते आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे उठू शकतात. टूथपेस्ट दातांसाठी असते, एवढंच त्याबद्दल.

आई-वडिलांना तरुणपणी खूप मुरमं आली असतील तर मुलांना यायची शक्यता जास्त. हे मी आयांना मुद्दाम सांगते, कारण काउंटरवर पोरीला टोमणे मारणाऱ्या आया मी रोज बघते. "तोंड धुत नाही, रात्री जागते, उष्णता झालीय तिला." ती पोरगी खाली मान घालून उभी असते. माझा जीव तुटतो. तिच्या अंगात जे चाललंय ते तिच्या हातात नाही.

पण सगळ्यांचे फोड सारखे नसतात, आणि आधी तेच बघायला लागतं. उद्यमनगरात लेथवर काम करणारे एक दादा आले होते. तोंड स्वच्छ, पण दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आणि मांड्यांवर काळ्या टोकाचे फोड. मी विचारलं, हात पुसायचा कपडा कुठं ठेवता? म्हणाले, खिशात. मांडीवर फोड कुठून आले ते तिथंच कळलं. कटिंग ऑइल, म्हणजे धातू कापताना मशीनवर सोडतात ते तेल, कपड्यांतून कातडीला लागत राहिलं की केसांची मुळं बुजतात. कोल्हापुरात एवढे मशीनशॉप आणि फाउंड्र्या आहेत, हा त्रास असलेले कामगार किती असतील! त्यांना मी ट्यूब दिली नाही. तेलकट कपडा खिशात ठेवायचा नाही, कामाचे कपडे रोज बदलायचे, सुट्टी झाली की लगेच साबणानं हात धुवायचे, आणि एवढं करून कमी नाही झालं तर डॉक्टर, असं सांगितलं.

कपाळावर केसांच्या कडेनं बारीक पुटकुळ्या असतील तर मी तेल विचारते. रात्री खोबरेल चोपडून झोपलं की ते कपाळावर उतरतं आणि उशीलाही लागतं. अंघोळीच्या तासभर आधी लावा, मग धुऊन टाका. छातीवर, पाठीवर अचानक सगळे एकसारखे फोड उठले तर चालू औषधं विचारते, कारण पोटातून घेतलेली स्टिरॉइडं, टीबीवरचं आयसोनियाझिड, फिटवरचं फेनिटॉइन यांच्यामुळेही असे फोड येतात. अशा वेळी गोळी मनानं बंद करायची नाही, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना दाखवायचं.

माझा भाचा तालमीत जातो, शिवाय जिमलाही. त्याची पाठ मोठमोठ्या फोडांनी भरली होती. घरच्यांचं एकच, तांबडा रस्सा बंद कर. मी आधी त्याला बाजूला घेऊन विचारलं, सुई-बिई घेतोस का? ताकदीसाठीची ॲनाबॉलिक स्टिरॉइडं अँड्रोजनसारखीच असतात, मुरमं तर आणतातच आणि हृदयाचं, लिव्हरचं नुकसानही करतात. तो तसलं काही घेत नव्हता. पण डबाभर व्हे प्रोटीन, म्हणजे दुधापासून केलेली प्रोटीनची पावडर, चालू होतं. व्हे आणि छाती-पाठीवरच्या मुरमांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. डबा बंद करून तो अंड्यांवर आणि डाळी-कडधान्यांवर आला आणि पुढच्या काही महिन्यांत पाठ बरीच निवळली. एका भाच्यावरून नियम निघत नाही, पण करून बघायला पैसे पडत नाहीत, उलट वाचतात.

रश्श्याचं म्हणाल तर तिखटानं मुरमं येतात याला आधार नाही. तिखट खाऊन ज्याचं तोंड लाल होऊन जळतं त्याला वेगळा आजार, रोझेशिया, असू शकतो. ज्याचा संबंध खरोखर दिसतो ते आहे रक्तातली साखर झपाट्यानं वाढवणारं खाणं. ऑस्ट्रेलियात तरुण मुलांवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग झाला, २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. साखर हळू वाढवणारं जेवण ज्यांना दिलं त्यांची मुरमं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. आपण मात्र मटणाला नावं ठेवतो आणि मिसळीबरोबरचे चार पाव, दिवसभरातला गोड चहा, उसाचा रस यांच्याकडे बघत नाही. गूळही यात साखरेपेक्षा फार वेगळा नाही, आपल्या जिल्ह्याचा अभिमान असला तरी. दुधाचा संबंध काही पाहण्यांत दिसतो, तोही साय काढलेल्या दुधाचा जास्त. गंगावेशच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्याला मी एवढ्यावरून दूध सोडायला सांगणार नाही. खाणं सुधारल्यानं थोडा हातभार लागतो. औषधाचं काम त्यानं होत नाही.

पंचविशी ओलांडलेल्या मुलीला हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं खोल, दुखरे फोड येत असतील, पाळी दोन-दोन महिने पुढे जात असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर मी सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवते. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी लांबते तो आजार, असू शकतो. तिथं ट्यूब एकटी काही करत नाही. डॉक्टर तपासून संप्रेरकांच्या गोळ्या किंवा अँड्रोजनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन देतात. "लग्नाआधी पाळीच्या गोळ्या कशाला, लोक काय म्हणतील" हे मी इतक्या वेळा ऐकलंय. लोक औषधाची चिठ्ठी वाचायला येत नाहीत. पुढं मधुमेहापर्यंत जाऊ शकणारा आजार वेळेत कळला तर बरंच नाही का?

आता साध्या मुरमांचं औषध. डॉक्टर बहुधा दोन गोष्टी लिहून देतात: बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलीन. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं आणि जंतू त्याला निर्ढावत नाहीत. २.५ टक्क्यांचं पुरतं. जास्त टक्क्यांचं घेतलं तर आग जास्त, गुण जवळपास तेवढाच. त्यानं कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा. ॲडापलीन छिद्रं बुजू देत नाही. ते रात्री, कोरड्या तोंडावर, वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्याला लावायचं. नुसतं फोडावर ठिपका ठेवून उपयोग नाही, कारण उद्याचा फोड आज दिसत नसतो. सुरुवातीला एक दिवसाआड, वर मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे सालं निघतात, मुरमं वाढल्यासारखी वाटतात, आणि बहुतेक जण नेमके इथं सोडतात. अर्धी ट्यूब दाखवून "ताई, ही चालत नाही, दुसरी द्या" म्हणतात. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. मी ट्यूबच्या खोक्यावर पेनानं तीन महिन्यांनंतरची तारीख घालून देते आणि सांगते, या तारखेच्या आधी निकाल लावायचा नाही. दिवस राहिले असतील किंवा त्या विचारात असाल तर ॲडापलीन नको, डॉक्टरांना आधी सांगा.

क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल एकटं लावत राहू नये, जंतू त्याला दाद द्यायचे बंद होतात. त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड लागतं. पोटातून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर ते साधारण तीन महिन्यांपुरतं असतं, जुन्या चिठ्ठीवर वर्षभर नेण्यासाठी नसतं. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्यानं घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम होते. दुधाबरोबर घेऊ नका.

खोल गाठी, खड्डे पडणारी मुरमं यांना आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल असतात. औषध नामी आहे, मी कोमेजलेली पोरं त्यानं परत हसताना बघितली आहेत. पण पोटातल्या बाळात ते गंभीर व्यंग आणतं. म्हणून बाईनं ते घेताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि त्या काळात कुणीच रक्तदान करायचं नाही. लिव्हरची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी लागते, ओठ फुटतात, डॉक्सीसायक्लिनबरोबर ते घेत नाहीत. मैत्रिणीच्या पाकिटातली उरलेली कॅप्सूल कुणी खाऊ नये, मी हात जोडून सांगते.

फोड फोडू नका. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर फोड गेला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो, आणि नखानं तो आणखी गडद होतो. उन्हात जाताना ३० एसपीएफचं, तेलकट नसलेलं सनस्क्रीन लावलं तर डाग लवकर फिके होतात. खड्ड्यांवरचे उपचार नंतरचे, आधी नवे फोड थांबायला हवेत.

गाठी दुखत असतील, खड्डे पडायला लागले असतील, किंवा पोरगं आरशासमोर जायचं आणि कॉलेजात जायचं टाळत असेल, तर माझ्या काउंटरपाशी थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पैशाची अडचण असेल तर सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, त्वचाविभाग आहे. जाताना आजवर तोंडाला लावलेल्या सगळ्या ट्यूब, पार्लरची बिननावाची डबीसुद्धा, पिशवीत घालून न्या. लाज वाटते म्हणून एखादी घरी राहते, आणि डॉक्टरांना बघायची असते ती बहुतेक वेळा तीच.