आमची वाटचाल : फॅब्रिकेशन शेडपासून शिल्पशाळेपर्यंत

स्टेनलेस स्टीलवर टिग वेल्डिंग (विजेच्या ठिणगीने, वायूच्या आवरणाखाली धातू वितळवून जोडणं) केलं की सांध्याच्या दोन्ही बाजूंना रंग उमटतात. बाहेरून आत येताना फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. फॅब्रिकेशनमध्ये, म्हणजे धातू कापून-जोडून वस्तू बनवण्याच्या कामात, हा दोष. त्या थराखाली क्रोमियम कमी झालेलं असतं आणि गंज तिथूनच धरतो. म्हणून पिकलिंग पेस्ट (आम्लाचा लेप) लावून रंग काढायचा, मगच जॉब इन्स्पेक्शनला द्यायचा. २२ वर्षं मी हे रंग पुसत आलो. एका संध्याकाळी भंगारातल्या तुकड्यावर ते मुद्दाम उमटवले आणि तसेच राहू दिले. तो तुकडा अजून ऑफिसच्या भिंतीवर आहे. तेव्हा मी ४५ वर्षांचा होतो.

खरं तर तिथे रंगद्रव्य काहीच नसतं. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि पाण्यावरच्या तेलात दिसतात तसे रंग त्यात दिसतात. साध्या पोलादावर साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा येतो, ३००च्या आसपास निळा. टॉर्च किती वेगाने पुढे न्यायची हे हाताला कळलं की रंग हवा तिथे थांबवता येतो. माझ्या हाताला ते आधीच कळत होतं.

डोळ्याला मात्र काहीच येत नव्हतं. संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागलो तेव्हा हे लक्षात आलं. इंजिनिअरिंग ड्रॉइंग मी झोपेतही वाचलं असतं: ठळक रेषा म्हणजे दिसणारी कड, तुटक म्हणजे आड गेलेली, लांब-आखूड म्हणजे मध्यरेषा. समोर माणूस बसवला की यातलं काहीही उपयोगी पडेना, कारण चेहऱ्यावर मुळात रेषाच नसते. उजेड वळतो, इतकंच. माझी चित्रं मापाला बरोबर आणि निर्जीव असत. दोन वर्षं रोज एक तास स्वतःचा डावा हात काढला, तेव्हा कुठे बोटांत वजन दिसू लागलं.

त्या काळात मला हुलिओ गोन्सालेस या स्पॅनिश शिल्पकाराची गोष्ट समजली. धातुकाम करणाऱ्या घरात १८७६ साली जन्मलेला हा माणूस बरीच वर्षं चित्रं काढत राहिला. १९१८ मध्ये रेनोच्या मोटार कारखान्यात तो गॅस वेल्डिंग शिकला. पुढे १९२८ पासून त्याने पिकासोला धातूची शिल्पं घडवायला मदत केली, आणि त्याची स्वतःची महत्त्वाची लोखंडी शिल्पं पन्नाशीनंतरची आहेत. तो कलेकडून वेल्डिंगकडे गेला, मी वेल्डिंगकडून कलेकडे निघालो होतो. पण हत्यार एकच होतं, आणि मला त्याने फार धीर दिला.

धंद्यातल्या माझ्या भागीदाराला शिल्पांकडे वळणं पटलं नाही. त्याचं म्हणणं रास्त होतं. त्याच्या घरचा खर्च शिल्पांवर चालणार नव्हता. आम्ही मशीन वाटून घेतली. कडवटपणा आला नाही, पण शेड महिनाभर ओकी वाटत होती. पत्नीने हिशेब हातात घेतला आणि एकच अट घातली: जॉबवर्कचा, म्हणजे ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे करून द्यायच्या कामाचा, एक मोठा ग्राहक सोडायचा नाही. त्या अटीमुळेच आम्ही टिकलो. तीन वर्षं दिवसा जॉबवर्क आणि शेवटचे दोन तास शिल्प, असं चाललं.

पहिलं मोठं शिल्प बाहेर उघड्यावर उभं राहिलं. माइल्ड स्टीलचं (साध्या पोलादाचं), आतून पोकळ, सगळीकडून बंद. पावसाळा सरता सरता खालच्या सांध्यातून गंजाचे ओघळ आले. मी स्वतः जाऊन ते कापलं. वेल्डमध्ये सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं होतं. दिवसा आतली हवा तापून बाहेर जायची, रात्री गार होताना ओल आत ओढली जायची. टाकी असती तर दाबाची हवा भरून, साबणाचं पाणी लावून मी गळती तपासली असती. हे ‘शिल्प’ आहे म्हणून तपासलं नव्हतं. ते फार लागलं. कलेकडे वळताना मी माझा धंदा दाराबाहेर ठेवून आलो होतो. दुरुस्ती आमच्या खर्चाने करून दिली. आता प्रत्येक पोकळ कामात सर्वांत खालच्या बिंदूला निचऱ्याचं भोक असतं. वाऱ्याचा हिशेबही पायाचे बोल्ट ठरवण्याआधी होतो, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. उष्णतेने रंगवलेलं स्टेनलेस आम्ही उघड्यावर देत नाही, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

सगळ्यात जास्त आनंद मला ओढीने दिला. वेल्ड गार होताना आकसतो आणि पत्रा आपल्याकडे ओढतो. स्टेनलेसमध्ये हे जास्त, कारण ते साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता लवकर पसरू देत नाही. जॉब गुण्यात (काटकोनात) राहावा म्हणून आम्ही क्लॅम्प लावायचो, टाके लांबलांब मारायचो, आलटूनपालटून वेल्ड करायचो. आता क्लॅम्प काढून ठेवतो. पत्र्याच्या एकाच अंगाला वेल्डच्या ओळी घालत गेलं की तो हळूहळू वळतो, आणि त्या वळणाला प्रेसमधून काढलेल्या वळणापेक्षा वेगळा जिवंतपणा असतो. जहाजबांधणीत जाड पत्रे असेच ओळीने तापवून वाकवतात. किती ओळींना किती वळेल याची आमची वही आहे, आणि ती मी शिकायला येणाऱ्या कुणालाही दाखवतो.

दर लावायला शिकणं सगळ्यात अवघड गेलं. सुरुवातीला वजन, वेल्डची लांबी आणि ग्राइंडिंगचे तास असाच हिशेब धरायचो, आणि विचार करण्यात गेलेल्या महिन्याची त्यात नोंदच नसायची. आता १:१० मापाच्या नमुन्याचे पैसे वेगळे घेतो, काम पुढे जावो न जावो.

आज आम्ही चौघे आहोत. ग्राइंडरवर हेल्पर म्हणून आलेला मुलगा आता पॅटिना, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाला रंगछटा देण्याचं काम, एकट्याने सांभाळतो. शेडमध्ये सध्या ३ मीटर उंचीचा एक डावा हात उभा राहतोय. सांगाडा ओळंब्यात आहे, अंगठा झालाय. उद्या करंगळीच्या बाजूला सात ओळी घालायच्या आहेत.