आप्पांचं गाठोडं

मार्चअखेरीला आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. त्यात आप्पा आले. तासगावच्या सौद्यात उभी हयात गेलेले बेदाण्याचे व्यापारी. खांद्यावर टॉवेल, काखेत लाल फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. मी सीए नाही, साधा कर सल्लागार. पण विक्रीकराच्या काळापासून मार्केट यार्डात आम्हाला सगळे वकीलच म्हणतात.

"वकीलसाहेब, सरकारनं माझं साडेचार लाख दाबलंय. आठ महिने झालं. राज्याच्या जीएसटीवाले म्हणतात आमच्याकडं अर्जच नाही. सेंट्रलवाले म्हणतात तुम्ही आमच्याकडं नाहीच. मग मी हाय तरी कुणाचा?"

हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. गाठोडं सोडून मी टेबलावर ढीग लावायला घेतले.

पहिला ढीग जीएसटीचा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा केंद्र आणि राज्यानं व्यापारी वाटून घेतले. दीड कोटीच्या आतल्या उलाढालीचे 90 टक्के राज्याकडं, 10 टक्के केंद्राकडं. त्यावरचे निम्मे-निम्मे. आप्पा राज्याच्या वाट्याला आले. म्हणजे त्यांची साखळी सांगलीतून वर जाते ती माझगावच्या राज्यकर आयुक्तांपर्यंत. शेजारच्या गाळ्यातला व्यापारी मात्र केंद्राकडं असू शकतो. त्याचं रेंज, मग डिव्हिजन, मग कोल्हापूरचं आयुक्तालय, वर पुण्याचा झोन आणि सगळ्यात वर दिल्लीचं केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ. कायदा सारखा, दरवाजे दोन. सेंट्रलवाल्यांनी आप्पांना परत पाठवलं यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या ढिगात तीन शिपिंग बिलं निघाली, म्हणजे निर्यातीच्या वेळी कस्टम्सला दिलेले कागद. माल न्हावा शेवा बंदरातून गेलेला, वर 5 टक्के आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरचा जीएसटी, भरलेला.

"परताव्याचा अर्ज कुठं केला, आप्पा?"

"केलाच नाही. सीएचए म्हणाला आपोआप येतंय."

सीएचएचं, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाचं, खरं होतं. कर भरून निर्यात केली की शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज धरतात आणि पैसे मंजूर करतं बंदरावरचं कस्टम्स. कर न भरता, एलयूटीवर, म्हणजे हमीपत्रावर, माल पाठवला आणि खरेदीवर भरलेल्या कराचं साठलेलं क्रेडिट मागायचं असेल, तरच आपल्या जीएसटी ऑफिसात अर्ज. बाजारात दोन्हीला रिफंडच म्हणतात, त्यामुळं माणूस चुकीच्या जिन्यावर आठ महिने चढतो-उतरतो. बरं, कस्टम्सही त्याच दिल्लीच्या मंडळाखाली, पण न्हावा शेवा मुंबईच्या झोनमध्ये. कोल्हापूरच्या ऑफिसातून तिथल्या फायलीला हात लावता येत नाही.

कस्टम्सची वेबसाइट आईसगेट उघडली. तिन्ही बिलांपुढं एकच कोड: एसबी005. इन्व्हॉइस जुळत नाही.

माझ्या पोटात गोळा आला. कारण ते जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, आमच्याच ऑफिसातून गेलं होतं. आमच्या पोरानं त्यातल्या निर्यातीच्या 6अ तक्त्यात जीएसटी इन्व्हॉइसचा नंबर टाकलेला, सीएचएनं शिपिंग बिलात निर्यातीच्या कमर्शियल इन्व्हॉइसचा. बेदाणा तोच, कंटेनर तोच, नंबर दोन. जुळणी मशीन करतं, आणि मशीनला बेदाणा दिसत नाही. सौद्यात खाली सांडलेल्या दाण्याचाही हिशेब मागणारा माणूस आमच्या एका रकान्यापायी हेलपाटे घालत होता, हे त्याच्या तोंडावर सांगणं जड गेलं. सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत, नुसतं पाणी मागितलं.

यावर उपाय आहे. दोन्ही नंबर समोरासमोर मांडलेला तक्ता बंदरावरच्या अधिकाऱ्याला द्यायचा, तो तपासून सिस्टीममध्ये जुळवतो. एका बिलामागं 1,000 रुपये शुल्क. ते तीन हजार मी भरले. तक्ता त्याच रात्री स्वतः बसून केला, पोराला हात लावू दिला नाही.

उरलेल्या दोन ढिगांत विशेष काही नव्हतं. आयात-निर्यात कोडचं पत्र डीजीएफटीचं, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाचं, ते तर वाणिज्य मंत्रालयाखाली, अर्थ खात्याशी त्याचा संबंध नाही. आणि एक आयकराची जुनी नोटीस. तिचं मंडळ वेगळं. 1964 च्या आधी प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष करांचं मंडळ एकच होतं, मग वाटण्या झाल्या. "भावाभावांसारख्या," आप्पा म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा हसले.

महिन्याभरानं पैसे जमा झाले. आप्पा मोबाईल घेऊन आले, बँकेचा मेसेज माझ्या नाकासमोर धरला.

"हे पीएफएमएस कुठलं आणि नवं ऑफिस?"

सरकारी पैसे खात्यात जमा करणारी यंत्रणा, लेखा महानियंत्रकांची, खर्च विभागाखालची, असं मी सांगायला लागलो. तोवर टॉवेल झटकून आप्पा जिना उतरलेही होते. अकराचा सौदा होता.