बोटं तीन महिन्यांची

ऑफिसातल्या हजेरीच्या यंत्रानं मला ओळख दाखवायचं बंद केलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपल्याला गिटार यायला लागली बहुतेक.

उजव्या खांद्याला पर्स, उजव्या हातात डब्याची पिशवी, म्हणून हजेरीला मी सुरुवातीपासून डावी तर्जनी नोंदवलेली. अकरा वर्षं त्या बोटानं इमानेइतबारे माझी हजेरी लावली. आणि एका सोमवारी यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. बोट ओढणीला पुसलं, फुंकर मारली, तोंडाची वाफ दिली. पुन्हा प्रयत्न करा. मागे रांग वाढायला लागली तशी मी रजिस्टरवर सही करून जागेवर गेले. दुपारी खिडकीशी बोट धरून पाहिलं. टोकाची कातडी मेणासारखी पिवळट झालेली, आणि त्यावर आडवी बारीक चीर. घट्टा पडला होता. आजीच्या तळहाताला विळ्याच्या मुठीचे असायचे, तसाच. फक्त तिचे भात कापून पडलेले आणि माझा दोन-तीन कॉर्ड्स, म्हणजे एकदम छेडायचे स्वरांचे गुच्छ, वाजवून.

गिटार म्हटलं की सगळे एकच विचारतात, "मुलाची होती का?" मुलगा इंजिनिअरिंगला गेला, गिटार माळ्यावर राहिली, आईनं धूळ झटकून हातात घेतली, अशी गोष्ट लोकांना मनातून हवी असते. तसं काही नाही. माझ्या मुलाला वाद्याचं वेड कधीच नव्हतं. एक्कावन्नाव्या वर्षी, दिवाळीच्या बोनसातून, धोबी तलावाला जाऊन मी माझ्यासाठी गिटार घेतली. का घेतली याला धड उत्तर नाही. लहानपणापासून तो आवाज आवडायचा आणि वयात येईपर्यंत तो मुलांचा आवाज होता. कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार घेऊन पायऱ्यांवर बसणारा मुलगा असायचा, मुली भोवती बसायच्या. मला भोवती बसायचं नव्हतं, एवढं आठवतं.

गिटार घेऊन धोबी तलावाहून सीएसएमटीपर्यंत चालत आले आणि डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात शिरले. गर्दीच्या वेळी त्या डब्यात चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकायला मिळाली तरी माणूस कृतार्थ होतो. मी ही एवढी काळी पिशवी घेऊन आत. पण डबा मोठा प्रेमळ निघाला. "सांभाळा, सांभाळा, वाजवायचं आहे ते," म्हणत दोघींनी ती वरच्या फळीवर चढवली. दादरला चढलेल्या एकीनं विचारलं, "ताई, सतार का?" गिटार म्हटल्यावर तिनं माझ्या आंबाड्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग म्हणाली, "छान. घरी कुणीतरी वाजवणारं पाहिजेच." वाजवणारी मीच, हे तिला काही केल्या पटेना.

क्लास आमच्याच डोंबिवलीत, पूर्वेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. शनिवारी संध्याकाळी सहाला. शिकवणारा मुलगा बावीस-तेवीसचा. बाकीची पोरं त्याला सर म्हणतात म्हणून मीही सर म्हणते. तो मला काकू म्हणतो. "सर, हे बरोबर आहे का?" "काकू, अंगठा मागे घ्या." असं आमचं चालतं. माझ्या बॅचला एक नऊ वर्षांचा आहे आणि एक अकरा वर्षांची. नऊवाला पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "काकू, दुखेल पण रडायचं नाही."

दुखतं. याबद्दल कुणी नीट सांगत नाही. स्टीलच्या सहा तारा सुरात ओढल्या की सगळ्यांचा मिळून ताण साधारण ७० किलोच्या घरात जातो. म्हणजे एक मी. तो ताण दाबायचा तो नखाखालच्या मऊ गादीनं, आणि त्यासाठी डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापायची. उजव्या हाताची वाढली तरी चालतात. तेव्हा आता माझा एक हात लग्नघरातला आणि एक शाळेतल्या तपासणीतला. पहिल्या आठवड्यात नको ते झालं. रविवारी ठेच्यासाठी लवंगी मिरच्या हातानं मोडल्या, आणि मग संध्याकाळपर्यंत डावा हात ताकाच्या वाटीत बुडवून बसले. नवरा म्हणाला, "नायलॉनच्या तारांची मिळते ना?" मिळते. क्लासिकल गिटार म्हणतात तिला, बोटांना खूप मवाळ. पण मला जो आवाज हवा होता तो स्टीलचा, खणखणीत. म्हटलं, ताक आहेच घरात.

आणखी एक अन्याय मला मोजपट्टी लावल्यावर कळला. गिटारीच्या गळ्यावर पडद्यांची, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांची, जी घरं असतात ती सारखी नसतात. प्रत्येक घर आधीच्यापेक्षा साधारण अठराव्या हिश्श्यानं अरुंद. असं करत करत बारावा पडदा बरोबर तारेच्या मध्यावर येतो आणि तिथे तार वरच्या सप्तकात बोलते. हिशेब सुंदर आहे. पण नवशिक्याच्या सगळ्या कॉर्ड्स पहिल्या तीन घरांत, आणि नेमकी तीच सगळ्यात रुंद. पहिलं घर साडेतीन सेंटिमीटरच्या वर. ज्याला येत नाही त्यानंच बोटं जास्त फाकवायची. इकडे वर, बाराव्या-पंधराव्या पडद्यापाशी, बोटं शेजारी शेजारी नांदतात, पण तिथे जातात ते येणारे लोक.

मला खरी अडचण झाली ती मात्र बोटांची नाही, कानांची.

लहानपणी मी गाणं शिकले. गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका पूर्ण झाली, मध्यमाच्या आधी दहावी आडवी आली, ती आलीच. आमच्या बाई पेटीला हात लावू द्यायच्या नाहीत. तंबोऱ्यावर बसायचं. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार, म्हणजे ग, आपोआप ऐकू येतो, तो आला का, हे त्या डोळे मिटून विचारायच्या. मी बरेचदा घाबरून हो म्हणायचे. पण दोन-तीन वर्षांत तो खरंच यायला लागला. नंतर गाणं सुटलं, कान काही सुटले नाहीत. तेव्हापासून पस्तीस वर्षं ऐकतेच आहे.

तर क्लासच्या दुसऱ्या महिन्यात मी डी मेजर लावला आणि तो मला टोचला. पहिल्या तारेवर दुसऱ्या पडद्याचा जो स्वर आहे, तो त्या कॉर्डचा गंधार. तो चढा होता. मी सरांना सांगितलं. त्यांनी तारा मिळवायचं ॲप उघडून दाखवलं, काटा मध्यावर, हिरवा दिवा. "परफेक्ट आहे, काकू." मी गप्प बसले, पण घरी येऊन पुन्हा तेच. तिकडे मोबाइलवर तंबोरा लावला, इकडे डी वाजवला, आणि दोन गंधार शेजारी शेजारी उभे राहिले, एकमेकांशी न बोलणाऱ्या जावांसारखे.

कारण साधं आहे, मला ते उशिरा समजलं एवढंच. गिटारीचे पडदे पक्के ठोकलेले. सतारीचे सरकवता येतात, हिचे नाही. कुठल्याही स्वरापासून सुरुवात केली तरी चालावं म्हणून सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे केलेत. सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप; सप्तक १२०० सेंटचं धरलं तर एक तुकडा १०० चा, आणि गंधार येतो ४०० वर. तंबोऱ्यातून येणारा असतो ३८६ च्या आसपास. चौदा सेंटचं भांडण. पेटीवरही आपल्याकडे आक्षेप होते, त्यातला एक हाच. १९४० पासून आकाशवाणीनं तिला पुढची तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. बाईंचा राग मला तेव्हा अडाणी हट्ट वाटायचा.

मी दुसरी तार किंचित उतरवून पाहिली. जी आणि बी या दोन तारांत, म्हणजे तिसरी आणि दुसरी यांत, सा-गचं नातं आहे; बाकी सगळ्या शेजारणींत सा-मचं. म्हटलं, हे एक नातं तरी गोड करू. केलं. जी मेजर असा काही लागला की अंगावर काटा आला. मग ई वाजवला, तर त्यात तीच दुसरी तार पंचम होऊन आलेली, आणि पंचम उतरलेला. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. शेवटी काटा मध्यावर, हिरवा दिवा.

आपल्या लोकांनी यावर वाट काढली होतीच म्हणा. पंडित ब्रिजभूषण काब्रा गिटार आडवी ठेवून तारांवर धातूचा दांडा सरकवत वाजवायचे. पडदे नुसते खाली बघत राहायचे. १९६७ साली शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबरची त्यांची ध्वनिमुद्रिका अनेक घरांत होती. आमच्याकडे तिची कॅसेट होती आणि कितीतरी वर्षं मी समजत होते की ते सरोद आहे. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, अशी की गळाच. पण मला तशी नाही शिकायची. मला ती मांडीवर उभी धरून, पायऱ्यांवर बसलेल्या मुलासारखीच वाजवायची आहे. चढ्या गंधारासकट.

त्रास हा की कान एक्कावन्न वर्षांचे आहेत आणि बोटं तीन महिन्यांची. नऊवाल्याचं तसं नाही. त्याचे कान आणि बोटं एकाच वयाची आहेत, बरोबर वाढताहेत. तो चुकतो तेव्हा त्याला कळतच नाही आणि तो मजेत पुढे जातो. मला चुकण्याआधीच कळतं. जी वरून सी वर जाताना कानाला सी आधीच ऐकू आलेला असतो, आणि बोटं अजून हवेत, कुठली कुठे ठेवायची यावर त्यांची बैठक चाललेली. ती बसेपर्यंत गाण्याची ओळ पुढच्या स्टेशनला गेलेली असते.

एकदाच कान उपयोगी पडले. ते सांगायलाच हवं.

उजव्या हाताचा एक ठेका आहे. खाली, खाली, वर, वर, खाली, वर. जगातला जवळजवळ प्रत्येक नवशिका हा शिकतो, सरांनीही हाच शिकवला. मला जमेना. खाली-खालीनंतर वर कधी यायचं आणि दोन वर लागोपाठ कसे यायचे, हात मध्ये गोंधळून थांबायचा. सर म्हणाले, "हात थांबवू नका काकू, खाली-वर सारखा चालू ठेवायचा, फक्त मधे मधे तारेला लावायचा नाही." समजलं, पण उतरेना. दोन आठवडे गेले. मग एका रात्री पोळ्या लाटताना लाटण्यावर तो ठेका आपोआप आला, आणि तोंडात बोल आले. धा गे ना ती, ना के धी ना. केरवा ताल! आठ मात्रा. पहिलीला हात तारेवर, दुसरीला नुसताच वर जातो. तिसरी, चौथी वाजते. पाचवीला हात खाली येतो, पण तारेला लागत नाही. मग सहा, सात, आठ सलग.

पाचवी मात्रा म्हणजे केरव्याची खाली. हातानं ताल धरताना तिथे आपण टाळी वाजवत नाही, हात नुसता हवेत फिरवतो. शाळेत चौथीत होते तेव्हापासून मी तो फिरवत आले होते. तव्यावरची पोळी तशीच टाकून मी गिटार घेतली. हात खालीला हवेतून फिरला आणि बरोबर सहाव्या मात्रेला तारेवर आला. पोळी जळली. नवरा बाहेरून म्हणाला, "वास येतोय." मी म्हटलं, "खाली सापडली." तो टेबलाखाली बघायला लागला.

शनिवारी सरांना दाखवलं. त्यांनी केरव्याचे बोल म्हणून पाहिले, दोनदा अडखळले, मग वहीत लिहून घेतले. आता नव्या पोरांना ते धा गे ना ती असंच शिकवतात म्हणे. गुरुदक्षिणा म्हणून मी एका महिन्याची फी सोडून द्या म्हटलं, त्यावर फक्त हसले.

दमट हवेत तारांवर गंज धरला. एकदा पहिली तार मिळवताना फट्कन तुटली आणि मला वाटलं माझंच काहीतरी तुटलं. आता वाजवून झालं की तारा जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसते आणि पिशवीत बुटांच्या खोक्यांतल्या त्या खडेवाल्या पुड्या टाकते. सासूबाई म्हणतात, कुरड्यांच्या डब्यातही टाक एक.

सध्या एफवर अडलेय. एफ म्हणजे नवशिक्यांचा कसारा घाट. आतापर्यंत एका बोटानं एक तार दाबली, इथे तर्जनी आडवी टाकून एकीनं दोन-दोन तारा दाबायच्या, आणि पूर्ण एफला तर सहाच्या सहा. सरांनी मला आधी छोटा दिलाय, चार तारांचा. नऊवाल्याला तो गेल्या शनिवारी आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, बोट पालथं नको, जरा कुशीवर झोपवा." खरंच आहे, बोटाची कड हाडाची असते, तिथे तार रुतत नाही. मी झोपवलं. चौथी तार, सा. तिसरी, गंधार, चढा असला तरी आता ओळखीचा. पहिली, वरचा सा. दुसरी मात्र गप्प. ती नेमकी पेरावरच्या घडीत सापडते.

ती पंचमाची. तेव्हा तूर्तास माझ्या एफला पंचम वर्ज्य आहे. पंचम नसलेला मारवा राग समजून चालवून घेतेय. वेळही संध्याकाळचीच असते.