कूलर बंद कर, तो ऐकतोय

नागपुरात मार्चच्या शेवटी कूलर एकदा लागला की पाऊस येईपर्यंत तो घरातला एक माणूसच असतो. आमचा तर जरा जास्तच बोलका आहे. पत्र्याचा, वडिलांच्या वेळचा, दर वर्षी नव्या खसच्या ताट्या आणि रंगाचा एक हात घेऊन परत उभा राहणारा. पंखा फास्टवर असला की समोरच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली आहे की थंडीतही आम्ही तसेच बोलतो. बाहेरगावचे पाहुणे हळूच विचारतात, काही भांडण झालं का? नाही हो, आमच्याकडे कूलर आहे.

ह्या मे महिन्यात भाचा पुण्याहून सुटीला आला. बॅगेत कपडे कमी आणि प्लेस्टेशन, त्याचा कॅमेरा, वायरींचं जंजाळ जास्त. रात्री जेवणं झाल्यावर त्याने हॉलमधल्या टीव्हीला सगळं जोडलं आणि गेम लावला, ‘एलियन: आयसोलेशन’. २०१४ चा गेम, म्हणजे त्याच्या हिशेबाने जुनापाना. मला मात्र एलियन म्हटलं की १९७९ चा पहिला सिनेमाच आठवतो. तोही मी पाहिला तो भाड्याच्या व्हीसीआरवर. एका रात्रीचं भाडं, तीन कॅसेटी, आणि हा तिसरा. अर्धा झोपेत गेला, उरलेल्या अर्ध्याने पुढचे आठ दिवस झोप लागू दिली नाही.

गेममधल्या कॉम्प्युटरचे पडदे पाहिले आणि मी ताडकन उठून बसलो. त्यावर त्याच लाटा, तीच थरथर, जी थांबवायला आम्ही व्हीसीआरला चापट मारायचो! भाच्याने सांगितलं की गेम करणाऱ्यांनी ते पडदे खरोखरच्या व्हीएचएस टेपवर रेकॉर्ड केले, जुनाट टीव्हीवर चालवले, मुद्दाम बिघडवले आणि पुन्हा चित्रित करून गेममध्ये घातले. पहिल्या सिनेमाच्या सेटवर जे दिसलं नसतं ते इथेही दिसता कामा नये, असा त्यांचा हट्ट. म्हणजे आमचा ज्याने जीव गेला, तो बिघाड ह्यांनी मेहनत करून पैदा केला.

गोष्ट साधी आहे. सिनेमातली नायिका एलन रिप्ली, तिची मुलगी अमांडा, आईचा शोध घेत सेवास्तोपोल नावाच्या अंतराळ स्थानकावर येते. तिथे सिनेमातला तो परग्रहावरचा प्राणी आहे, आणि तो मरत नाही. बंदूक हाती लागली तरी त्याच्यापुढे तिचा उपयोग शून्य. लपायचं. कपाटात, टेबलाखाली, पाइपांच्या आडोशाला. आमच्या भाषेत रेसटीप.

पण रेसटीपची खरी मजा तो शोधतो कसा ह्यात आहे. गेममध्ये म्हणे दोन डोकी आहेत. एक सूत्रधार. अमांडा कुठे दडली आहे हे त्याला सदैव ठाऊक असतं. दुसरं डोकं त्या प्राण्याचं, त्याला काहीच माहीत नसतं. सूत्रधार त्याला नेमकी जागा कधीच सांगत नाही. फक्त अधूनमधून त्या अंगाला पिटाळतो, पुढे त्याने आपल्या कानांनी-डोळ्यांनी शोधायचं. मला नागपुरातल्या महाल भागातला आमचा वाडा आठवला. आजी ओसरीवर निवडण घेऊन बसलेली असायची आणि सगळ्यांच्या जागा तिला पाठ. डाव असलेला पोरगा रडकुंडीला आला की ती त्याच्याकडे न बघता म्हणायची, “धान्याच्या खोलीत उंदीर लई झाले बाप्पा.” आम्ही धान्याच्या खोलीत श्वास रोखून हे ऐकायचो.

ह्याच घराण्यातला आधीचा एक गेम, २०१३ चा ‘कलोनियल मरीन्स’, प्राण्यांच्या मठ्ठपणासाठी बदनाम झाला. सरळ समोर यायचे, गोळ्या खायचे, पडायचे. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, बोभाटा झाला की फाइलमध्ये एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. ‘टेदर’ म्हणजे दावं. त्यात एक ‘ए’ जास्तीचा पडला होता. कोणी कुठून यायचं, कुठे दबा धरायचा, हे ठरवणारी दावण त्या एका अक्षराने सुटली आणि सगळी जनावरं मोकाट. ‘ए’ खोडला तर ती बऱ्यापैकी शहाणी झाली. शनिवारवाड्यात ‘ध’चा ‘मा’ झाला तो निदान मुद्दाम केला होता म्हणतात. हे नुसतं बोट घसरल्याने झालं.

असो. आयसोलेशनमधला मात्र कानाचा तिखट आहे. किती? तर प्लेस्टेशनच्या कॅमेऱ्याला माइक असतो आणि ती सोय चालू ठेवली तर तुमच्या खोलीतला आवाजही त्या प्राण्याला ऐकू जातो. अंतराळात तुमची किंकाळी कोणाला ऐकू येत नाही, असं पहिल्या सिनेमाच्या पोस्टरवर छापलं होतं. बरोबर आहे, अंतराळात हवा नाही. नागपुरात आहे, गरम, आणि ती आमच्या कूलरमधून येते.

अमांडा टेबलाखाली गेली की दोन मिनिटांत तो हजर. पुन्हा खेळ, पुन्हा हजर. चौथ्यांदा भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, कूलर.”

“ती माइकची सोय बंद कर ना.”

“मग मजा काय?”

नवतपा सुरू, दिवसा पारा पंचेचाळिशीच्या वर, रात्री साडेअकराला भिंती हात लावू देत नव्हत्या. मी बटण बंद केलं. पात्यांनी दोनचार गिरक्या घेतल्या, पंपाचं पाणी टपटप करून थांबलं. आतून बायकोचा आवाज, “लाईन गेली का?” भाच्याने तोंडावर बोट ठेवलं.

आणि मग आमच्याच घरात मी कधी न ऐकलेलं काहीबाही ऐकू यायला लागलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं हे मला माहीतच नव्हतं. फ्रिज मध्येच उसासा टाकतो. अजनीकडून इंजिनाची शिट्टी आली तसे आम्ही दोघे दचकलो. घाम पाठीवरून खाली उतरत होता. टीव्हीत त्या प्राण्याचे पाय टेबलासमोर येऊन थांबले. भाच्याने श्वास रोखला, मीही.

कट्.

दिवाणावर आई बसली होती. जेवणानंतरची तिची सुपारी. चाळीस वर्षं ती ह्याच वेळी, ह्याच अडकित्त्याने कातरते आहे आणि उन्हाळ्यात तो आवाज कूलरने गिळलेला असतो, म्हणून कोणाच्या कानावर नाही. त्या प्राण्याच्या आला. तो वाकला.

“आजीऽऽ!”

“काहून ओरडून राहिला रे? मी काय केलं?”

समजावून सांगितलं. तिला ते यंत्र, माइक, सूत्रधार काही पटलं नाही. पण आपल्यामुळे ती पोरगी गेली, एवढं मात्र लागलं. “कूलर लाव आधी,” म्हणाली आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कूलर फास्टवर असताना, आई अडकित्ता घेऊन बसलेली दिसली. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर सुपारीचा ढीग. आठवडाभराची तरी असावी. मी ओरडून विचारलं, एवढी कशाला?

“रातच्याला,” ती ओरडली. डब्याचं झाकण बसवता बसवता म्हणाली, “आन त्याला सांग, आज तिला टेबलाखाली नको म्हणा. कपाटात बसव.”