मोहावीचं २१ जून २००४ चं उड्डाण, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला जाणाऱ्यांसाठी थोडं

स्पेसशिपवन या खासगी अवकाशयानाचं २९ सप्टेंबर २००४ चं उड्डाण बघायला जाणार असाल तर लॉस एंजेलिसहून मध्यरात्रीनंतर लगेच निघा. हायवे १४ ने रस्ता सोपा आहे, पण २१ जूनला अंधारातच कॅलिफोर्नियातल्या मोहावी विमानतळाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. वाळवंट आहे म्हणून नुसती टोपी आणि पाणी घेऊन जाऊ नका. पहाटेचा वारा बोचरा असतो, स्वेटर हवाच.

पावणेसातच्या सुमारास 'व्हाइट नाइट' विमान उडालं, पोटाखाली स्पेसशिपवन. मग तासभर ते घिरट्या घेत ४७,००० फुटांपर्यंत चढत राहिलं. याच वेळात बरेच जण खायला नाहीतर बाथरूमच्या रांगेत गेले. ते आधीच उरकून घ्या. एवढ्या उंचीवरचा ठिपका एकदा नजरेतून सुटला की दुर्बिणीतूनही परत सापडत नाही.

विमानापासून यान सुटलं, क्षणभर काहीच दिसेना, आणि एकदम पांढरी रेघ सरळ वर चढायला लागली. रबर आणि नायट्रस ऑक्साइडवर चालणारं यानाचं ते इंजिन जेमतेम सव्वा मिनिट पेटलं. आत ६३ वर्षांचे वैमानिक माइक मेल्व्हिल, एकटे. रेघ संपली तरी यान वर जातच होतं. माझ्या शेजारचे आजोबा टोपी काढून उभे होते, मलाही बोलायला सुचेना. सरकारचा पैसा नाही. विमानं डिझाइन करणारे बर्ट रुटान यांची छोटी कंपनी आणि मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांचं पाठबळ, एवढ्यावर माणूस अवकाशात पोचला होता!

यान नीट वळवताना त्रास झाला, त्यामुळे अवकाशाची १०० किलोमीटरची हद्द फक्त सव्वाशे मीटरनी ओलांडली गेली, हे मागाहून कळलं. परतताना पंखांचा मागचा भाग वर दुमडतो आणि यान बॅडमिंटनच्या फुलासारखं आपोआप सरळ राहून खाली येतं. रुटान यांची ही युक्ती मला सगळ्यात मोठी वाटते.

यान उतरल्यावर पार्किंगकडे पळू नका. ते ओढत लोकांसमोरून नेलं, वर मेल्व्हिल उभे! इतक्या जवळून ते पुन्हा दिसणार नाही.

एक्स प्राइझ या खासगी अवकाशयानासाठीच्या बक्षिसाचे एक कोटी डॉलर मिळवायला तीन माणसांएवढं वजन घेऊन दोन आठवड्यांत दोनदा अवकाशात जावं लागणार होतं. तेव्हा रजा टाकताना दुसऱ्या उड्डाणासाठीही एखादा दिवस राखून ठेवा.