‘काय फरक पडतो?’

सुट्टीवर ठाण्यात आलेय. परवा तलावपाळीला फेरी मारताना मावसभाऊ म्हणाला, “ताई, मी आता मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही. बोलून काय फरक पडतो?” तो ऐरोलीला आयटीत आहे. लोकलचा प्रवास जेमतेम काही मिनिटांचा, तरी रोज रात्री चेहरा उतरलेला असतो, असं मावशी सांगते.

हॅम्बुर्गमध्ये तीन वर्षांपूर्वी मी हेच म्हणायचे. कुणी नवं काही सुचवलं की मनात आधी यायचं, ‘हेही बारगळणार.’ मला ते अनुभवातून आलेलं शहाणपण वाटायचं. झोप लागेना म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी विचारलं, “या कामातलं पूर्वी काय आवडायचं?” मला काही सांगता येईना. तिथेच रडू आलं. त्यांनी याला नाव दिलं: बर्नआउट.

जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही. कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणते. तिची लक्षणं तीन: गळून जाणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मधलं वाचून मी थबकलेच. ज्याला मी माझा स्वभाव समजत होते, ते लक्षण होतं!

जर्मनीत आजारपणात 6 आठवडे मालक पूर्ण पगार देतो, पुढे आरोग्य विमा साधारण 70 टक्के. परतताना ‘हॅम्बुर्ग मॉडेल’ असतं, म्हणजे कामाचे तास हळूहळू वाढवत नेणं. मी आधी रोज दोन तास, मग चार, मग सहा असं काम केलं. पण खरं सांगते, आजारपणाच्या सुट्टीने थकवा गेला, कडवटपणा नाही. तो ओसरला तो साहेबांनी माझ्याकडच्या तीन प्रोजेक्टांपैकी दोन काढून घेतल्यावर. उरलेलं एक मला नीट करता आलं, आणि केलेलं डोळ्यांना दिसू लागलं.

आपल्याकडे बहुतेकांना असा आधार नाही. घराचा हप्ता डोक्यावर असणाऱ्याला ‘सुट्टी घे’ म्हणवत नाही. म्हणून मी भावाला डॉक्टरांचा तो प्रश्न विचारला. गडकरी रंगायतन मागे पडेपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, “नव्या पोरांना शिकवायला आवडायचं. आता रात्रीच्या सपोर्टमुळे वेळच नसतो.”

रविवारी आम्ही दोघं त्याच्या मॅनेजरला मेल लिहायला बसणार आहोत. मागणी एकच: रात्रीची पाळी आलटून पालटून सगळ्यांना.