कसर

पावसाळा सरला की मी पुस्तकांचं कपाट गच्चीत रिकामं करते. परवा जुना शब्दकोश झटकला, तर त्यातून एक चंदेरी कसर सुळकन निसटली. तिला चिरडायला चप्पल उचलली आणि उतामारो आठवला.

कितागावा उतामारो हा जपानी चित्रकार जगाला ठाऊक आहे तो देखण्या बायकांच्या चित्रांमुळे. मला मात्र त्याचं किड्यांचं पुस्तक आवडतं. १७८८ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकानं ते काढलं. चित्रं फक्त १५, आणि प्रत्येकावर किड्यांच्या आडून प्रेमाची थट्टा करणाऱ्या कविता. छापायचं तर चेरीच्या लाकडावर सगळं उलटं कोरायचं, त्यातही रंगागणिक वेगळी फळी. चतुराच्या पंखाची जाळी बघताना आपलाच श्वास अडतो. या किड्यांत साप, पाल, बेडूकही आहेत. तेव्हाच्या जपानी हिशेबात तेही 'मुशी', म्हणजे किडेच!

पुस्तकाच्या शेवटी गुरू सेकिएननं लिहिलंय की हा पोरगा लहानपणी चतुराला दोरा बांधायचा, रातकिडा तळहातावर घेऊन बसायचा. जीव जाईल म्हणून गुरू रागवायचा. चतुराला दोरा! म्हणजे आमच्या वाड्यातल्या पोरांसारखाच की.

त्या काळातली जपानी पुस्तकं मी स्क्रीनवर बघते. कागद एकाच बाजूनं छापलेला, मधोमध दुमडलेला, मोकळ्या कडा शिवलेल्या. त्यामुळे प्रत्येक पान म्हणजे आतून कोरा खिसा. कित्येक पानांवर नागमोडी भोकं दिसतात, कुणी बोट ठेवून वाचत गेल्यासारखी. ती बहुतेक एका इवल्या भुंगेऱ्याच्या अळीची करामत. कसर बिचारी वरवर खरवडते. जपानीत तिला 'शिमी' म्हणतात आणि लिहितात 'कागद' नि 'मासा' या दोन अक्षरांनी. इतकं लाडाचं नाव मी तरी तिला दिलं नसतं.

तिकडेही पावसानंतर पुस्तकं वाऱ्यावर टाकतात, पण सावलीत. 'मुशीबोशी' म्हणतात त्याला. भोकं बुजवायची तर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा तलम कागद भोकाच्या आकाराचा करून मागून चिकटवायचा. कसर भरून काढणं म्हणतात ते हेच असावं.

मी शब्दकोशाला सेलोटेप लावला. आणि कडक उन्हात ठेवला.